झाशीची रणभूमी आणि तिची राखण

झाशी देणार नाही, हा राणी लक्ष्मीबाईंचा निर्धार महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तले, त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. त्या प्रसंगी राणीच्या मुखातून हे उद्गार निघाले, असे परंपरा सांगते. त्या शब्दांमागे प्रत्यक्ष तलवार उभी राहिली ती चार वर्षांनी, आणि त्या लढाईची हकीकत सर्वांना परिचित आहे. परंतु झाशीच्या कथेचा त्यानंतरचा भाग फारसा कोणाच्या वाचनात येत नाही. जी झाशी राणीने दिली नाही, ती तिच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांच्या आत एकदा दिली गेली आणि एकदा परत घेतली गेली.

लढाई संपल्यावर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या लष्कराने आपल्या ताब्यात ठेवला होता. १८६१ मध्ये झाशीचे शहर आणि किल्ला त्यांनी शिंद्यांच्या स्वाधीन केला. पुढे पंचवीस वर्षांनी, १८८६ साली, अदलाबदल झाली. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांकडे परत गेली आणि त्यांच्या मोबदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे आली. व्यवहार चोख झाला. ज्या तटावर माणसे लढून पडली होती, तो तट ह्या व्यवहारात सोयीचे एक ठाणे म्हणून मोजला गेला. तेथे काय घडले होते, ह्याचा त्या देवघेवीशी संबंध नव्हता. संबंध असलाच, तर ती आठवण जितकी लवकर पुसली जाईल तितकी बरी, एवढाच असावा.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा पुढे येतो. ऐतिहासिक किल्ला आणि त्याभोवतीची भूमी केंद्र सरकारने सांभाळावी की राज्य सरकारने? तेथे येणाऱ्या प्रवाशांची सोय नीट व्हावी म्हणून एकाने आपला ताबा दुसऱ्याकडे द्यावा काय? प्रश्न कारभाराचा दिसतो. तथापि झाशीसारख्या ठिकाणी तो केवळ कारभाराचा राहत नाही.

आपल्या राज्यघटनेने ह्या बाबतीत कामाची वाटणी केलेली आहे. जी प्राचीन स्मारके संसदेने केलेल्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झाली, ती संघसूचीत येतात. बाकीची स्मारके राज्यसूचीत पडतात. पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष, राष्ट्रीय महत्त्वाचे सोडून, समवर्ती सूचीत आहेत. झाशीचा किल्ला आणि शहरातील राणीमहाल ही दोन्ही स्मारके केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखाली आहेत. २०२० पासून ह्या खात्याचे स्वतंत्र मंडळच झाशी येथे आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी जे संग्रहालय आहे, ते मात्र उत्तर प्रदेश शासनाचे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, वाहनतळ ह्यांचा कारभार राज्याच्या आणि नगरसंस्थेच्या हाती. म्हणजे टेकडीवर एक धनी आणि टेकडीखाली दुसरा. मधल्या उतारावर उन्हात उभा असलेला प्रवासी दोघांचाही पाहुणा असतो, आणि पुष्कळदा कोणाचाच नसतो.

ह्या प्रवाशाला झाशीत काय दिसते? बंगरा टेकडीवरचा, ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ साली उभारलेला किल्ला दिसतो. छत्रसालाने बाजीराव पेशव्यांस दिलेल्या वाट्यामुळे मराठे बुंदेलखंडात आले आणि नारो शंकराने किल्ल्याचा विस्तार केला. तो भाग शंकरगढ ह्या नावाने ओळखला जातो. पंचमहाल दिसतो, गणेशाचे व शंकराचे देऊळ दिसते, कडकबिजली आणि भवानीशंकर ह्या तोफा दिसतात. गुलाम गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई ह्यांच्या स्मृतीची जागा दिसते. आणि शेवटी, जेथून राणीने दत्तक पुत्रासह घोड्यावरून उडी घेतली असे सांगतात, ती जागा दाखवली जाते. तेथे गर्दी जमते, छायाचित्रे निघतात आणि मंडळी खाली उतरू लागतात.

ही उडी अनेक अभ्यासक जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. निवडक स्वारांसह राणी रात्रीच्या अंधारात शत्रूच्या पहाऱ्यातून निसटली, असे त्यांचे मत. परंतु हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. सगळी लढाई त्या एका उडीत गोळा झाली आहे आणि खुद्द रणभूमी प्रवाशाच्या दृष्टीआड गेली आहे. ह्यात प्रवाशाचा दोष नाही. रणभूमी त्याला कोणी दाखवलेलीच नसते.

कारण झाशीची रणभूमी म्हणजे केवळ किल्ला नव्हे. किल्ला शहराच्या पश्चिमेस, खडकावर उभा आहे, आणि शहर त्याच्या उत्तरेला व पूर्वेला पसरलेले आहे. त्या शहराभोवती शिवरावभाऊंच्या काळी बांधलेला तट आणि त्याला ठिकठिकाणी दरवाजे. ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा, लक्ष्मी दरवाजा, सागर दरवाजा, खंडेराव दरवाजा ही नावे आजही झाशीकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज आपली फौज घेऊन ह्या तटापुढे आला. त्याच्या तोफा लागल्या त्या शहराच्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या अंगाला, आणि खिंडार पडले ते दक्षिणेकडच्या तटाला. मार्चअखेर तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीला आले. इंग्रजी नोंदींप्रमाणे ती फौज सुमारे २० हजारांची होती. त्यांनी पेटवलेला जाळ तटावरच्या लोकांनी पाहिला आणि शहरात आनंद झाला. रोजने वेढा न उठवता सुमारे दीड हजार माणसे वेगळी काढली आणि १ एप्रिल रोजी बेटवा नदीच्या बाजूस तात्यांशी गाठ घातली. तात्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलच्या पहाटे इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या. त्यांतील काही शिड्या मोडल्या, चढणारे पडले, पण खिंडारातून वाट झाली. त्यानंतरची लढाई शहराच्या गल्ल्यांतून झाली, घराघरांतून झाली, आणि राजवाड्यात खोलीखोलीतून झाली. ४ एप्रिलच्या रात्री राणीने झाशी सोडली, असे सामान्यतः मानले जाते.

ह्या हकिकतीतील स्थळे नकाशावर मांडली की किल्ला हा रणभूमीचा एक कोपरा ठरतो. बेटवेचा काठ, पूर्वेकडची उघडी जमीन, दक्षिणेचा तट, ओरछा दरवाजा आणि राणीमहालापर्यंतच्या गल्ल्या हा रणभूमीचा उरलेला देह आहे. त्यातला बराच भाग आज वस्तीत आहे. तटाला टेकून घरे उभी आहेत, दरवाज्यांखालून दिवसभर रहदारी वाहते. ही वस्ती म्हणजे अपराध नव्हे. शहरे जगतात ती अशीच. परंतु ह्या दरवाज्यापाशी काय घडले, हे सांगणारा फलक आणि क्षणभर थांबण्याइतकी सावली, एवढे तरी तेथे असायला हवे.

मराठी माणसाला ह्या गल्ल्यांची ओळख करून देणारा एक साक्षीदार लाभला, हे भाग्यच म्हटले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणा मिळवण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. पुढे वृद्धपणी त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत चिंतामणराव वैद्य ह्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने प्रसिद्ध केली. सेनापतींच्या खलित्यांत तट, तोफा आणि तुकड्या असतात. गोडसे भटजींच्या लेखनात शहर आहे. रात्री डोक्यावरून जाणारे गोळे, लपून बसलेली कुटुंबे, तट पडल्यानंतरची कत्तल आणि लूट, आग लागलेला हलवाईपुरा, आणि झाशीच्या राजांनी जमवलेल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण हे सारे त्यांनी नोंदवले आहे. किल्ल्यावर उभे राहून हे काहीच दिसत नाही. ते समजायचे तर खाली शहरात उतरावे लागते. शिवाय त्याच शहरात, जोखनबागेत, १८५७ च्या जूनमध्ये मारल्या गेलेल्या साठएक युरोपीय स्त्रीपुरुषांची आणि मुलांची आठवणही आहे. रणभूमी नीट राखायची तर तीही वगळून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. प्रवाशांची सोय व्हावी म्हणून केंद्राने असे स्थळ राज्याच्या स्वाधीन करावे, ही मागणी काही नवलाची नाही. महाराष्ट्रातच २०२५ साली राज्याच्या सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि केंद्राच्या रक्षणाखालील ५४ किल्ले राज्याकडे सोपवावेत, अशी विनंती केली. ह्या मागणीमागचा विचार स्पष्ट आहे. राज्याजवळ पैसा उभा करण्याची इच्छा असते, लोकांचा दबाव असतो, रस्ता आणि पाणी त्याच्याच हाती असते. केंद्राच्या खात्यावर देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारकांचा भार असतो, आणि एका गडावरच्या स्वच्छतागृहासाठी फाइल किती टेबलांवरून फिरावी लागते, हे ज्यांना फिरवावी लागते तेच जाणतात.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. दगडाची डागडुजी हे शास्त्र आहे. चुन्याच्या जागी सिमेंट भरले की भिंत काही काळ नवी दिसते आणि मग आतून फुटू लागते. हे जाणणारे हात पुरातत्त्व खात्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासाने तयार झालेले आहेत. उत्साहाच्या भरात गडावर कमानी, कारंजी आणि रंगीत दिवे आणण्याचा मोह आवरायला कोणीतरी दूरचा आणि थंड डोक्याचा राखणदार लागतो. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीवाचून करता येत नाही. हे बंधन जाचक वाटते खरे, पण अनेक किल्ल्यांभोवतीचे आकाश मोकळे राहिले आहे ते त्याच्याचमुळे.

शिवाय हस्तांतराच्या वाटेवर एक कायद्याचा काटा आहे, आणि तो झाशीच्या बाबतीत फार बोचणारा आहे. स्मारक केंद्राकडे आहे ते राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून. ते पूर्णपणे राज्याच्या कक्षेत जायचे, तर त्याचे राष्ट्रीय महत्त्व उरलेले नाही असे केंद्राला जाहीर करावे लागते. २०२४ साली पुरातत्त्व खात्याने देशातील १८ स्मारकांविषयी अशी अधिसूचना काढली. त्यांतील बरीच स्मारके वाढत्या वस्तीत बेपत्ता झालेली होती. झाशी जिल्ह्यातील गनर बर्किल ह्याची कबर त्या यादीत होती. एका तोफखान्यातील शिपायाच्या कबरीबद्दल असा निर्णय कोणी सहज वाचून पुढे जाईल. पण झाशीच्या किल्ल्याला राष्ट्रीय महत्त्व उरले नाही, ह्या वाक्याखाली सही कोण करील? आणि केवळ कारभाराच्या सोयीसाठी केली, तर ती १८८६ च्या व्यवहाराहून कितीशी वेगळी ठरेल?

ह्यावर दुसरी वाट नाही असे मात्र नव्हे. घटनेच्या २५८ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राला आपल्याकडील काही कामे राज्याच्या संमतीने राज्यावर सोपवता येतात. स्मारक राष्ट्राचे राहते आणि त्याच्या आसपासची ठरावीक कामे राज्य करते. १९५८ च्या कायद्यातही मालकी आणि संरक्षण ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. मालक एक असून पालकत्व दुसऱ्याकडे देता येते, ही कल्पना त्या कायद्यात मुळातच आहे. म्हणून वाद भूमी कोणाच्या नावावर असावी हा नसून, कोणते काम कोणाला शोभते हा असला पाहिजे. तट, बुरूज, तोफा आणि खोदकाम हे पुरातत्त्व खात्याचे. वाट, पाणी, सावली, स्वच्छता, वाहनतळ आणि माहितीघर हे राज्याचे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये एक नियम दोघांनाही सारखाच बांधणारा असावा. सोय रणभूमीच्या कडेला व्हावी, रणभूमीवर नव्हे.

ह्या नियमाची किंमत अमेरिकेने प्रत्यक्ष मोजली आहे. तेथील यादवी युद्धात जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. पुढच्याच वर्षी स्थानिक लोकांनी संस्था काढून त्या भूमीचे तुकडे विकत घेण्यास आरंभ केला आणि १८९५ साली त्या संस्थेने आपली जमीन राष्ट्राच्या सरकारला दिली. तेथे हस्तांतर झाले ते खालून वर. तरीही हेतू राखणीचाच होता. पुढे प्रवासी वाढले. १९६२ साली त्यांच्या सोयीसाठी एक भव्य, नव्या धाटणीची इमारत उभी राहिली. रिचर्ड न्यूट्रा ह्या नामांकित स्थापतीने ती रचली होती. पण ती बांधली गेली नेमकी त्या कड्यावर, जेथे सैनिक लढून मेले होते. प्रवासी रणभूमी पाहण्यासाठी आत शिरत, आणि ज्या रानापाशी लढाई झाली ते रान त्या इमारतीच्याच पायाखाली गेलेले असे. शेवटी २००८ मध्ये रणांगणाच्या मोक्याच्या भागापासून दूर नवे केंद्र उघडले आणि २०१३ साली ती जुनी इमारत पाडण्यात आली. चांगल्या हेतूने केलेली चूक निस्तरायला पन्नास वर्षे लागली. त्या देशात जागेची आणि पैशाची वाण नव्हती, म्हणून ती निस्तरता तरी आली. झाशीच्या दाट वस्तीत अशी चूक एकदा झाली की कायमचीच.

एकाच वारशाचे दोन राखणदार असू शकतात, ह्याचे उदाहरण आपल्या घरीही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतील जिंजी धरून आठ किल्ले केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार महाराष्ट्र राज्याकडे. जगापुढे मात्र ते एकाच नावाने, एकाच मालिकेत उभे राहिले. त्यासाठी एकालाही आपला ताबा दुसऱ्याकडे द्यावा लागला नाही. दोघांना एका टेबलाशी बसून एकच आराखडा मान्य करावा लागला.

तसाच एक आराखडा झाशीसाठी होऊ शकतो. त्यात किल्ला हा प्रवासाचा आरंभ असावा, शेवट नसावा. बुरुजावरून दक्षिणेकडे बोट दाखवून खिंडाराची जागा सांगता यावी. तेथून तटाच्या कडेने दरवाज्यादरवाज्याने जाणारी पायवाट आखलेली असावी. राणीमहालापाशी गल्लीतल्या लढाईची हकीकत सांगितली जावी. लक्ष्मी तलावाजवळच्या गंगाधररावांच्या छत्रीपाशी थोडे बसता यावे. आणि ज्याला वेळ असेल त्याने बेटवेच्या बाजूला जाऊन तात्यांच्या फौजेची वाट पाहणाऱ्या शहराची कल्पना करावी. म्हाताऱ्या माणसाला चढ झेपेल अशी वाट, मेच्या उन्हात पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ आडोसा, ह्या गोष्टी लहान आहेत आणि त्यांवाचून इतिहास कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. फलक हिंदीत असावेतच. ज्या शहरात मराठी भिक्षुकाने वेढ्याच्या रात्री मोजल्या आणि जेथे मराठी घराणी अजून नांदतात, तेथे एखादा फलक मराठीतही असावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

पानिपतावर दरवर्षी १४ जानेवारीला माणसे काळ्या आंब्यापाशी जमतात. ती भूमी हरियाणात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात तेथे स्मारक उभारण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा एका राज्याची आठवण दुसऱ्या राज्याच्या मातीत आहे, हे पुन्हा एकदा स्पष्ट झाले. झाशीची गोष्टही तीच आहे. तेथे बुंदेल्यांनी किल्ला बांधला, मराठ्यांनी तट घातला, पठाण गोलंदाजांनी तोफा डागल्या, आणि झाशीच्या स्त्रियांनी तटावर दारूगोळा आणि दगड वाहून नेले. ह्यांतले कोण केंद्राचे आणि कोण राज्याचे, हे कोणत्या सूचीत शोधणार?

म्हणून अशा भूमीचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जायचाच असेल, तर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. ह्या हस्तांतराने रणभूमीचा एखादा तुकडा तरी अधिक सुरक्षित होणार आहे काय? आणि तेथे येणाऱ्या माणसाला, येण्यापूर्वी माहीत नव्हते असे काही कळणार आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर भूमी कोणाकडे जाते ह्याने फारसे बिघडत नाही. ते नकारार्थी असेल, तर तो व्यवहार कितीही चोख झाला तरी १८८६ चाच ठरेल. लक्ष्मीबाईंनी झाशी द्यायचे नाकारले, ते ती आपली मालमत्ता होती म्हणून नव्हे. ती आपल्या दत्तक पुत्रासाठी राखायची ठेव होती म्हणून. ठेव राखणाऱ्याला तिच्यावर आपले नाव कोरण्याची घाई नसते. ती पुढच्याच्या हाती जशीच्या तशी पोहोचावी, एवढीच त्याला काळजी असते.